मीटर म्हणाला साडेनऊ वॅट, थर्मास म्हणाला साडेतीन

मॅग्नेट लावलेला ट्रान्सफॉर्मर बॅटरीकडून घेतो त्याहून जास्त वीज देतो, असं ऐकल्यावर मला स्वस्थ बसवेना. २००२ साली अमेरिकेत अशाच एका, कुठलाही भाग न हलता चालणाऱ्या जनरेटरला पेटंट मिळालेलं आहे. पेटंट मिळालं म्हणजे यंत्र चालवून तपासलं गेलं असं होत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण स्वतःच्या हाताने मोजल्याशिवाय हो किंवा नाही म्हणणं मला पटत नाही. म्हणून बांधायला घेतलं.

फेराइटचा (चुंबकत्व वाहून नेणाऱ्या पदार्थाचा) चौकोनी कोअर, मधल्या फटीत दोन चकत्यांचे मॅग्नेट, एका बाजूला प्रायमरी म्हणजे बॅटरीकडची कॉइल, दुसऱ्या बाजूला सेकंडरी म्हणजे वीज बाहेर देणारी कॉइल. प्रायमरीचा करंट एक मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, सेकंदाला सुमारे ३,००० वेळा चालू-बंद करायचा. सेकंडरीला एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आणि पुढे १०० ओहमचा रेझिस्टर. वाइंडिंगला दोन संध्याकाळी गेल्या. वेढे मोजताना कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्याच दिवशी एक धडा मिळाला. सर्किट चालू असताना रेझिस्टरची वायर निसटली, ती बसवायला गेलो आणि बोटांना सणसणीत झटका बसला. लोड, म्हणजे वीज खाणारा रेझिस्टर, नसताना कोअरमधली ऊर्जा जायला वाट उरत नाही, मग व्होल्टेज कुठल्या कुठे चढतं. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतंय म्हणून निर्धास्त राहणं चुकीचं आहे. तेव्हापासून आधी बॅटरी काढतो, मगच हात लावतो.

मग मोजमाप. बॅटरीकडून १२ व्होल्ट, ०.४२ अँपिअर, म्हणजे ५ वॅट. मीटर एसीवर ठेवून रेझिस्टरवर पाहिलं तर ३१ व्होल्ट. ३१ चा वर्ग भागिले १००, म्हणजे ९.६ वॅट. पाच घालून साडेनऊ! त्या रात्री मला झोप आली नाही, हे मी लपवणार नाही. आकडे वहीत तीनदा लिहिले, तीनदा गुणाकार केला.

दुसऱ्या दिवशी मीटरच्या वायरी चुकून उलट लागल्या. आकडा जवळपास शून्य. पुन्हा सुलट केल्या, ३१. खरा एसी, म्हणजे आलटून पालटून दोन्ही दिशांनी जाणारी वीज, असता तर वायरी कशाही लावल्या तरी आकडा तोच आला असता. तिथे माझ्या मनात पाल चुकचुकली.

साध्या मीटरमध्ये एसी मोजायला बहुतेकदा एकच डायोड असतो. तो लाटेचा अर्धाच भाग घेतो, त्याची सरासरी काढतो आणि समोर साइन वेव्ह, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी गुळगुळीत लाट, आहे असं धरून तिला २.२२ ने गुणून दाखवतो. भिंतीतल्या सॉकेटसाठी हे अगदी बरोबर आहे. माझ्या रेझिस्टरवर मात्र डायोडमधून आलेले एकाच दिशेचे झटके होते. मीटर खोटं बोलत नव्हता. ज्या कामासाठी तो बनवला नाही ते मी त्याच्याकडून करून घेत होतो.

आता विश्वास कशावर ठेवायचा? मी उष्णतेवर ठेवला. लाटेचा आकार कसाही असो, रेझिस्टरमध्ये गेलेल्या विजेची उष्णताच होते. रेझिस्टरच्या जोडांवर इपॉक्सी फासली, तो थर्मासमध्ये २०० ग्रॅम पाण्यात सोडला आणि दहा मिनिटं सर्किट चालवलं. खरोखर ९.६ वॅट जात असते तर पाणी सुमारे सात अंशांनी तापायला हवं होतं. थर्मामीटरचा पारा वर जाताना पाहत बसलो होतो. २.३ अंशांवर दहा मिनिटं संपली.

थर्मासची काचही थोडी उष्णता खाते, म्हणून तोच रेझिस्टर, तेवढंच पाणी, सुरुवातीचं तापमानही तेच ठेवून साध्या डीसीवर फेऱ्या घेतल्या. व्होल्टेज बदलत बदलत तेवढीच तापमानवाढ आली ती १८.४ व्होल्टला, म्हणजे ३.४ वॅटला. आत ५, बाहेर ३.४. या सगळ्या खटाटोपात मला सर्वात आवडलेली पद्धत हीच. तिच्यात कुठलंही सूत्र गृहीत धरावं लागत नाही, दोन वेळा पाणी सारखं तापवायचं एवढंच.

मग मॅग्नेट काढून पाहिले. पाणी जवळजवळ तेवढंच तापलं, बॅटरीचा करंट मात्र ०.३८ अँपिअरवर उतरला. मॅग्नेट काही देत नव्हते, उलट कोअर आधीच भारून ठेवत होते आणि प्रायमरीला जास्त करंट ओढायला लावत होते. १८३१ मध्ये फॅरेडेने लोखंडी कड्यावर दोन कॉइल गुंडाळल्या, तेव्हा दुसऱ्या कॉइलकडची चुंबकसुई हलली ती फक्त पहिलीला बॅटरी जोडताना आणि तोडताना. स्थिर चुंबकत्वातून कॉइलमध्ये काही येत नाही. शाळेपासून वाचलेलं ते वाक्य मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळलं.

आउटपुट बॅटरीच्या जागी परत जोडूनही पाहिलं. तिथे वीज साठवायला लावलेला ४,७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १२ व्होल्टला भरला तर त्यात जेमतेम ०.३४ जूल मावतात. बॅटरीची वायर सोडली आणि हात बाजूला होण्याआधीच सर्किट चालू असल्याचं दाखवणारा एलईडी विझला.

आता मी हरवलेल्या १.६ वॅटच्या मागे लागलो आहे. बॅटरी काढून लगेच बोट लावलं तर मॉस्फेट कोमट लागतो, डायोड चटका देतो, सेकंडरी बाहेरून गार पण आतल्या थरात गरम. जलद डायोड लावला, प्रायमरी जाड तारेने पुन्हा गुंडाळली, मॅग्नेट बाहेरच ठेवले. थर्मासच्या हिशोबाने शंभरातले ८१ बाहेर येतात. कोअरची फट कमी-जास्त करून एकेक फेरी घेणं चालू आहे. वहीत डावीकडे फट, उजवीकडे तापमानवाढ.