साखळीतली पुस्तकं
काल शेवटी नेदरलँड्समधल्या झुटफन गावाला जाऊन आले, किती महिने नुसतं जाऊ जाऊ चाललं होतं. तिथल्या वालबुर्गिस चर्चला लागूनच एक लायब्ररी आहे, लिब्रेय म्हणतात, १५६१ ते १५६४ मध्ये बांधलेली, आणि तिथली पुस्तकं अजूनही साखळीने बांधलेली आहेत! म्हणजे खरीखुरी लोखंडी साखळी, एक टोक पुस्तकाच्या पुठ्ठ्याला ठोकलेलं आणि दुसरं उतरत्या लाकडी डेस्कवरच्या दांड्यात अडकवलेलं. पुस्तक हवंय? तर तिथेच वाचा, घरी न्यायचं नाव काढायचं नाही. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत असं असतं तर माझ्याकडे अजून पडून असलेली ती दोन पुस्तकं जागेवर राहिली असती, असो.

मला आधी वाटलं हे सगळं पाद्रीलोकांसाठी असणार. पण नाही, गावातल्या शिकलेल्या माणसांनाही दार उघडं होतं. त्यात हेतू मात्र साधा नव्हता हं, तेव्हा प्रोटेस्टंट विचार झपाट्याने पसरत होते आणि लोकांनी "योग्य" कॅथलिक पुस्तकं वाचावीत म्हणून चर्चच्या कारभाऱ्यांनी ही सोय केली. पुढे गावच प्रोटेस्टंट झालं, पुस्तकं मात्र आहेत तिथेच 😄

आणि फरशीवर कुत्र्याच्या पंजाचे ठसे! दंतकथा अशी की उपवासाच्या दिवसात कोंबडी खाणाऱ्या एका साधूला सैतानाने कुत्रा होऊन इथे कोंडलं. माझ्या मते फरशी ओली असताना गल्लीतला कुठलातरी मोत्या त्यावरून गेला असणार. लेक तर पुस्तकं सोडून ठसेच मोजत बसली, मग उठायलाच तयार नाही.