चार्ज यादीत नसलेला पासवर्ड

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एका द्विशिक्षकी शाळेला भेट होती. पहिली ते चौथी, पट 31. लोकवर्गणीतून घेतलेला 43 इंची टीव्ही, एक लॅपटॉप, पाच टॅब, इन्व्हर्टर. तालुक्यात ‘डिजिटल शाळा’ म्हणून नाव. आणि शाळा सुरू होऊन महिना होत आला तरी टीव्हीवरचं कापड निघालेलं नव्हतं. तंत्रस्नेही गुरुजी मे महिन्यात जिल्हांतर्गत बदलीने गेले. टीव्हीचा पिन, लॅपटॉपचा पासवर्ड आणि शाळेच्या जीमेलचा ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो नंबर, हे सगळं त्यांच्याबरोबर गेलं.

बदलून आलेल्या बाईंनी चार्ज यादी, म्हणजे पदभार देताना सोपवलेल्या वस्तूंची यादी, पुढे ठेवली. खुर्च्या, कपाटं, पोषण आहाराची पातेली, डेडस्टॉक (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीतला टीव्हीचा अनुक्रमांक, सगळं जिथल्या तिथे. पासवर्डसाठी रकानाच नव्हता. जुन्या गुरुजींनी काही लपवलेलं नव्हतं, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. दोष मी त्यांना देत नाही, चार्ज देण्याघेण्याच्या रीतीला देतो.

शेजारच्या शाळेतून सल्ला आला होता, ‘सगळं रिसेट मारा.’ ते आधी थांबवलं. टॅब बटणं दाबून बाहेरून रिसेट केला की सुरू होताना तो आधीचंच गूगल खातं मागतो. ते खातं उघडता येत नसेल तर टॅब विटेसारखा पडून राहतो. शिवाय ऑफलाइन उतरवून ठेवलेलं ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवरचं साहित्य पुसलं जातं, आणि त्या गावात नेटवर्क शाळेमागच्या टेकाडावर चढल्याशिवाय मिळत नाही. त्यामुळे गुरुजींनाच फोन लावला. ते नव्या शाळेत परिपाठ संपवून बाहेर आले, पिन सांगितला, ओटीपी वाचून दाखवला. वीस मिनिटांचं काम. खात्याचा नंबर बदलून शाळेच्या सिमचा केला. हे सिम कुणाच्या तरी फोनमध्ये चालू असावं लागतं. रिचार्ज बराच काळ करायचा राहिला तर नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्याच माणसाला मिळू शकतो. मुलांच्या आधार कार्डांचे फोटो गुरुजींच्या खासगी फोनमध्येच होते. ते शाळेच्या लॅपटॉपवर घेऊन फोनमधून आणि त्यांच्या गूगल फोटोजमधून काढून टाकायला त्यांना सांगितलं. माहिती भरण्याच्या घाईत प्रत्येक शाळेत असं होतं, पण मुलांची कागदपत्रं शिक्षकाच्या खिशात गावोगाव फिरता कामा नयेत.

टीव्ही लागला आणि पाच मिनिटांत बंद पडला. लाइट गेली होती आणि इन्व्हर्टर भार घेईना. बॅटरीची झाकणं काढून पाहिलं, पाणी खालच्या खुणेच्याही खाली आणि टर्मिनलवर पांढरी बुरशी. महिनाभरापूर्वी कुणीतरी बोअरचं पाणी ओतल्याचं कळलं. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी प्लेटा खराब होतात, तिथे डिस्टिल्ड वॉटरच लागतं, तेही वरच्या खुणेपर्यंतच. आधी इन्व्हर्टर बंद केला, मग कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून, झाकणं घट्ट असताना टर्मिनल पुसले आणि कोरडे करून व्हॅसलिन लावलं. लाइट आली तर पेनड्राइव्ह टीव्हीला दिसेना, कारण तो एक्सफॅट या पद्धतीत फॉरमॅट केलेला होता. फॅट32 मध्ये केल्यावर दिसला. मात्र त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, हे लक्षात ठेवावं.

मग बाईंनी चौथीला अपूर्णांकाचा सात मिनिटांचा व्हिडिओ लावला. मुलं एका सुरात म्हणाली, ‘एक छेद चार.’ मग बाईंनी प्रत्येकाला एक गोल कागद दिला. ‘ही भाकरी. चौघांत वाटा.’ एका मुलीने एकाखाली एक तीन आडव्या घड्या घातल्या. पट्ट्या चार झाल्या, कडेच्या दोन लहान, मधल्या दोन मोठ्या.

‘यातला कुठला तुकडा तुला पाहिजे?’

तिने मधल्या पट्टीवर बोट ठेवलं.

‘का गं?’

‘हा मोठा हाय, बाई.’

‘मग चारीला पाव म्हणायचं का?’

ती गप्प झाली, कागद उलटासुलटा करून पाहू लागली. व्हिडिओत वर्तुळ दिसतं तेच चार सारख्या भागांत. सारखेपणा मुलांना शोधावाच लागत नाही. बाईंच्या ते ध्यानात आलं. त्यांनी व्हिडिओ मागे नेला, तुकडे पडायच्या आधीच्या क्षणी थांबवला आणि विचारलं, ‘आता सुरी कुठून फिरवायची?’ मुलं उठली, पण टीव्ही सहा फूट उंचीवर, कुणाचं बोट पोचेना. सतरंजीवर बसलेल्या मुलाचा डोळा जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर असतो. ब्रॅकेट मात्र उभ्या मोठ्या माणसाच्या मापाने ठोकलं होतं, तेही पूर्वेच्या खिडकीसमोर. सकाळी पडद्यावर उन्हाशिवाय काही दिसत नसणार. बाईंनी तेच वर्तुळ फळ्यावर खाली काढलं आणि त्या मुलीने मधून दोन रेघा मारल्या, एक उभी, एक आडवी.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 च्या परिच्छेद 5.20 मध्ये शिक्षकांच्या व्यावसायिक मानकांचा विषय आहे: कुठल्या टप्प्यावर शिक्षकाकडून काय अपेक्षा, कोणत्या क्षमता, आणि ठरावीक काळाने मूल्यमापन. युनेस्कोच्या 2018 च्या शिक्षकांसाठीच्या आयसीटी (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) क्षमता आराखड्यात सहा बाजू, तीन पातळ्या, एकूण 18 क्षमता आहेत. त्यांतली एक बाजू संघटन आणि प्रशासनाची, एक अध्यापनपद्धतीची. आपल्याकडे तंत्रस्नेही म्हणून सत्कार होतो तो व्हिडिओ बनवणाऱ्याचा. माझ्या मते शाळेत तंत्रज्ञानाचं नेतृत्व त्याने केलं, ज्याच्या बदलीनंतरही सहकाऱ्याच्या हातात रिमोट चालतो. त्या दिवशी व्हिडिओ कुठे थांबवायचा हे ज्या बाईंना उमगलं, त्यांचं नाव तंत्रस्नेही शिक्षकांच्या कुठल्याच यादीत नव्हतं.

शेरेबुकात, म्हणजे भेटीचे शेरे लिहायच्या वहीत, पाठाची नोंद केली. टीव्ही उत्तरेच्या भिंतीवर, खालची कड तीन फुटांवर येईल असा लावायला सांगितला. मग बाईंनी चार्ज यादीच्या शेवटी हाताने ओळी वाढवल्या: शाळेच्या जीमेलचा नंबर कोणता आणि सिम कुणाकडे, टीव्ही, लॅपटॉप, टॅबचे पिन मुख्याध्यापकांच्या कपाटातल्या बंद पाकिटात, बॅटरीत पाणी घातल्याची तारीख, वॉरंटीची बिलं कुठल्या फायलीत, आणि कुठल्या घटकाचा व्हिडिओ कितव्या मिनिटाला थांबवायचा. शेवटच्या ओळीपुढे त्यांनी लिहिलं, ‘अपूर्णांक, तुकडे पडायच्या आधी. गोल कागद द्यावेत.’