चार वेळा उलटलेली गाय

आमची संकरित गाय दिवाळीच्या आदल्या आठवड्यात व्याली. कालवड झाली म्हणून घरात पेढे आले आणि वार, म्हणजे पोटात वासराभोवती असलेली झिल्ली, पडली नाही, इकडं कुणाचं लक्षच नाही. व्याल्यावर आठ-बारा तासांत ती पडायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी दुपारीही तशीच लोंबत होती. कुणी म्हणालं दगड बांधा, कुणी म्हणालं बांबूचा पाला चारा. शेवटी गावातल्या एका जाणत्या माणसानं कोपरापर्यंत खोबरेल लावून हात घातला आणि ओढून काढली. हातमोजा नाही, काही नाही. शेपूट मीच धरलं होतं, त्यामुळं सगळा दोष त्याच्यावर ढकलता येत नाही.

पंधरा दिवस वास येणारी घाण जात राहिली, मग थांबली. गाय खात होती, चौदा लिटर देत होती. आम्ही विसरलो.

जानेवारीत माजावर आली, कृत्रिम रेतनानं भरवली. एकविसाव्या दिवशी उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. पुन्हा भरवली, पुन्हा उलटली. भरवणारा दरवेळी वीर्याची कांडी बदलायचा, मी दरवेळी पैसे द्यायचो. चौथ्यांदा उलटली तेव्हा माय म्हणाली, "इकून टाक बाबा, भाकड हाय ती." बाजारात घेऊन जायचा दिवसही ठरला होता.

त्याआधी तालुक्याच्या डॉक्टरांना एकदा दाखवलं. त्यांनी सोट, म्हणजे माजावर गाय टाकते तो चिकट स्राव, हातावर घेतला आणि उन्हात धरला. वरून काचेसारखा, पण आत साबुदाण्याच्या कण्यांएवढे पांढरे ठिपके. "शेपटीवर वाळलेलं पांढरं कधी बघितलं नाही का?" बघितलं होतं, शेण समजून धुतलं होतं. थोडा सोट त्यांनी नळीत घेतला, दहा टक्के कॉस्टिक सोड्याचं पाणी मिसळून स्पिरिटच्या दिव्यावर तापवला. पिवळा झाला. गर्भपिशवीला जुनी सूज आहे म्हणाले.

मी म्हटलं, मग पिशवी धुवा आणि औषध सोडा. ते नाही म्हणाले. कोणतं औषध लागू पडतं ते कळल्याशिवाय सोडायचं नाही, नाहीतर जंतू नुसते चिवट होतात. निर्जंतुक नळीतला नमुना बर्फाच्या थर्मासात घालून मी एसटीनं उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेला. तीन दिवसांनी अहवाल आला. गंमत म्हणजे मेडिकलवाला मला जे औषध आधी देत होता, ते त्या जंतूंवर चालतच नव्हतं.

माजानंतर साधारण दहाव्या दिवशी डॉक्टरांनी हात घालून माजानंतर अंडाशयावर येणारी पिवळी गाठ तपासली, गाय गाभण नाही याची खात्री केली आणि माज लवकर आणायचं इंजेक्शन दिलं. गाभण गाईला ते दिलं तर गाभडते, आणि गरोदर बाईनं तर ती बाटली हाताळायचीही नाही. म्हणून सुनेला गोठ्यात येऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी माज आला, पिशवीचं तोंड उघडलं, घाण बाहेर गेली. मग तीन दिवस अहवालातलं औषध पिशवीत सोडलं.

खरा जीव गेला तो दुधात. औषधाचे दिवस आणि पुढं डॉक्टरांनी मोजून दिलेले दिवस एक थेंबही डेअरीवर घालायचा नव्हता, कालवडीलाही पाजायचा नव्हता. धार काढायची आणि खड्ड्यात ओतायची. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्याहून अवघड काम, पुढचा माज सोडून द्यायचा. सोट स्वच्छ दिसत होता, हात शिवशिवत होते. डॉक्टर म्हणाले, पिशवीला एक माज आराम द्या. रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण सुरू ठेवलं. मृगाच्या तोंडावर पुन्हा माजावर आली, पहाटे. सोट अंड्याच्या पांढऱ्यासारखा, एकही ठिपका नाही. संध्याकाळी भरवली.

पोळ्याच्या आधी तपासली. गाभण.

तो जाणता माणूस परवा पारावर भेटला. "मार्चात व्येल ना? वार अडकली तर हाक मारा." मी त्याला चहा पाजला. हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही.