मधली वाट

काल स्टुटगार्टहून म्युनिकला परत येताना जर्मनीतल्या ए8 महामार्गावर उल्मच्या पुढे ट्रॅफिक एकदम स्लो झालं, आणि सायरन वगैरे काहीच ऐकू येत नसताना पुढच्या गाड्या बाजूला व्हायला लागल्या. सगळ्यात डाव्या लेनवाले डावीकडे, अगदी कठड्याला चिकटून, आणि बाकी दोन्ही लेन उजवीकडे. (इथे उजवं-डावं आपल्या उलट.) बघता बघता मधे लांबपर्यंत मोकळी वाट. मीही सरकले. पाचेक मिनिटांनी तिथून ॲम्ब्युलन्स गेली, कुठेही न थांबता, माझ्या आरशापासून हातभर अंतरावरून, आणि मला रडूच आलं.

दिवाळीत मुंबईहून बाबांबरोबर पुण्याला जाताना बोरघाटात आमच्या मागे अशीच ॲम्ब्युलन्स होती. डाव्या लेनमध्ये ट्रक बंद पडलेला, मागे दगड लावलेले, म्हणून बाकीचे ट्रक मधल्या लेनमध्ये आणि सगळ्या कार उजवीकडे, नुसती कोंडी. सायरन ऐकून लोक सरकत होते हो, पण एक डावीकडे तर त्याच्या मागचा उजवीकडे, त्यामुळे होती ती जागाही गेली. बाबा काच खाली करून हात हलवत ओरडत होते. शेवटी एका ट्रकचा क्लीनर खाली उतरला आणि बॉनेटवर थापा मारत, एकेकाला "तू इकडे घे, तू तिकडे दाब" सांगत ॲम्ब्युलन्सच्या पुढे चालत राहिला. पायात रबरी चप्पल, कोणी सांगितलेलं नाही. तो वळणाआड जाईपर्यंत मी बघत होते.

म्हणूनच ऑफिसमधला एक जण "तुमच्याकडे ॲम्ब्युलन्सला कोणी वाट देत नाही ना?" म्हणाला तेव्हा मला भयंकर राग आला. देतात! सायनला बाइकवाले उतरून गाड्या बाजूला करताना मी स्वतः पाहिलेत. आणि दंड म्हणाल तर 2019 पासून आपल्याकडेही 10,000 रुपये आहे, इथे 200 युरो आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. दंड आहे, माणुसकी आहे, फक्त कुठल्या बाजूला सरकायचं हे मला तरी गाडी शिकताना कोणी सांगितलं नव्हतं, आणि इथे लायसन्सच्या लेखी परीक्षेसाठी ते पाठच करावं लागलं.

लेनचंही तेच. ओव्हरटेक करून परत आपल्या लेनमध्ये यायचं, नियम दोन्हीकडे एकच. बाबा मात्र एक्सप्रेसवेवर 80 नेसुद्धा उजवी लेन सोडत नाहीत. मी भांडते त्यांच्याशी, पण डावीकडे वळणापलीकडे दगड लावलेला ट्रक निघेल ही भीती काही खोटी नाही, तिथे रोज चालवायची तर मीही कदाचित तेच केलं असतं.

रात्री त्यांना फोन करून हे सगळं सांगितलं. ते कागद-पेन घेऊन बसले.

"म्हणजे हेच आपल्याकडे करायचं तर उजव्या लेनने उजवीकडे दाबायचं, बाकीच्यांनी डावीकडे?"

"हो."

"आणि चार लेन असल्या तर?"

"तरी तेच बाबा. सगळ्यात उजवी उजवीकडे, उरलेल्या तिन्ही डावीकडे."

"थांब, लिहून घेतो."