मुलाखत फार छान झाली? मग टेप पुन्हा ऐका

राजकीय हिंसाचारावर काम करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञाला सगळ्यांत मोठा धोका कुठे असतो, असं विचारलं तर लोक कबरस्तान किंवा छावणी म्हणतील. प्रत्यक्षात तो नीटनेटक्या दिवाणखान्यात असतो. समोर निवृत्त जनरल बसलेला, कॉफी आलेली, आणि जनरलसाहेब अतिशय सभ्य.

अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ लष्करी राजवट होती. त्या काळात हजारो माणसं उचलून नेली गेली आणि परत आलीच नाहीत. डच मानववंशशास्त्रज्ञ आंतोनियस रोबेन १९८९ ते १९९१ या काळात ब्यूनोस आयर्समध्ये सेनाधिकारी, माजी गनिमी लढवय्ये आणि बेपत्तांचे नातेवाईक अशा सगळ्यांशी बोलले. दोन्ही बाजू ऐकताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. सांगणारा आपल्याला भुरळ घालतो. जनरल ती तर्काने आणि सौजन्याने घालतो, तर पीडित अश्रूंनी. दोन्हीकडे होतं एकच, आपले प्रश्न थांबतात. बेपत्ता मुलाच्या आईच्या बाबतीत हे मान्य करणं जास्त जड जातं, कारण तिथे शंका घेणंच अमानुष वाटतं.

म्हणून एकाच माणसाकडे तीन-चार वेळा जायचं. पहिल्या भेटीत त्याची ठरलेली गोष्ट येते, ती येऊ द्यायची. दुसऱ्या भेटीआधी टेपवरून मुलाखतीचा शब्दशः उतारा काढून आपण कुठे नुसतं ‘हं’ म्हणून पुढे गेलो तिथे खूण करायची आणि तिथूनच सुरुवात करायची. ‘तेव्हा काय वाटलं?’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही, उत्तर पाठ असतं. त्या दिवशी दार कुणी उघडलं, घरात आणखी कोण होतं, दुसऱ्या दिवशी आधी कुणाकडे गेलात, हे विचारावं. शब्दही तपासावे लागतात. लष्कर ‘चुका’ आणि ‘अतिरेक’ म्हणतं. या शब्दांत छळ हा अपवाद ठरतो, पद्धत नाही.

नवख्यांची दुसरी घोडचूक म्हणजे गोष्ट कुठून सुरू करायची हे स्वतःच ठरवणं. मानवी हक्क संघटना २४ मार्च १९७६ च्या लष्करी उठावापासून बोलतील. सेनाधिकारी बहुधा १९७० पासून, म्हणजे माजी लष्करशहा आराम्बुरू यांचं मोंतोनेरोस या गनिमी संघटनेने अपहरण करून हत्या केली तिथून. जुना पेरॉनवादी, म्हणजे १९५५ मध्ये पदच्युत झालेले राष्ट्राध्यक्ष पेरॉन यांचा समर्थक, १६ जून १९५५ कडे नेईल, त्या दिवशी नौदलाच्या विमानांनी प्लासा दे मायो चौकावर बॉम्ब टाकले आणि तीनशेहून जास्त माणसं मेली. प्रत्येकाची तारीख अशी असते की पहिला घाव दुसऱ्याने घातलेला ठरतो. सामूहिक आघात म्हणतात तो नुसता सोसला जात नाही. पुढच्या हिंसेचं कारण म्हणून तो वापरलाही जातो. तेव्हा तारीख सांगणाऱ्यालाच निवडू द्या आणि वहीत ठळक लिहा.

आकड्यांचंही तसंच. बेपत्तांची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय आयोगाच्या १९८४ च्या अहवालात ८,९६१ बेपत्तांची नोंद आहे, संघटना ३०,००० म्हणतात. कोण कोणता आकडा वापरतो, हीसुद्धा माहितीच.

हाडांचं काम वेगळ्या हातांचं. लोकशाही आल्यावर सुरुवातीला ‘एन. एन.’ म्हणजे बेनाम कबरी यंत्रांनी उकरल्या गेल्या. हाडं मोडली, एकमेकांत मिसळली, पुरावा गेला. १९८४ मध्ये अमेरिकी न्यायवैद्यक मानववंशशास्त्रज्ञ क्लाइड स्नो आले आणि त्यांनी विद्यार्थ्यांना पुरातत्त्वाच्या पद्धतीने थरांमागून थर खणायला शिकवलं. ओटीपोटाच्या हाडांवरून लिंग आणि वयाचा अंदाज, मांडीच्या हाडावरून उंची, दातांची जुन्या नोंदींशी तुलना. डीएनए नंतर आला.

पण सांगाडा मिळाला की कुटुंब सुटलं, असं नाही. ‘प्लासा दे मायोच्या माता’, म्हणजे त्या चौकात जमून मुलांचा शोध मागणाऱ्या बेपत्तांच्या आया, त्यांच्यातल्या एका गटाने उत्खननालाच विरोध केला. ‘जिवंत नेलंत, जिवंत परत द्या’ ही त्यांची मागणी होती. हाडं स्वीकारली तर मूल मेलं असं आपणच मान्य केलं आणि मारेकरी सुटले, हा त्यांचा हिशेब. त्याला शोक नाकारणं म्हणून मोकळं होऊ नये, कारण त्यात राजकारणही आहे आणि तेही विचारपूर्वक केलेलं. अशी मुलाखत लिहून काढताना क्रियापदांकडे लक्ष ठेवा. आई मुलाबद्दल एकाच वाक्यात ‘होता’ आणि ‘आहे’ म्हणेल. उतारा साफ करताना तो काळ दुरुस्त करू नका.