तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेत अध्यात्माचा तास का नको?

मी सरकारी शाळेत विज्ञान शिकवते आणि घरी रोज ध्यानाला बसते. या दोन्ही गोष्टी माहीत असलेलं कुणी भेटलं की प्रश्न ठरलेला असतो: "मग मुलांनाही शिकवा की! आठवड्यातून एक तास अध्यात्माचा ठेवायला काय हरकत आहे?"

हरकत अध्यात्माला नाही, तासाला आहे. तास म्हटला की हजेरी आली, पाठोपाठ शेरा आला. इंग्लंडमध्ये १९८८च्या कायद्याने मुलांचा आध्यात्मिक विकासही शाळेच्या जबाबदारीत घातला आणि शाळातपासनीस त्यावरही मत नोंदवतात. कशावरून नोंदवतात, याचं मला प्रामाणिक कुतूहल आहे.

"सक्ती नको, ऐच्छिक ठेवा," असं यावर म्हणतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या सरकारी शाळांत दिवसाची सुरुवात बायबलमधली दहा वचनं वाचून होई. पालकांनी चिठ्ठी दिली की मुलाला सूट मिळे. एडवर्ड शेम्प या पालकांना ते वाचन मान्य नव्हतं, तरी त्यांनी सूट मागितली नाही. मुलं वर्गात विक्षिप्त ठरतील, ही भीती त्यांनी कोर्टात बोलून दाखवली. १९६३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चिठ्ठीची सोय असूनही ती प्रथा घटनाबाह्य ठरवली. वर्गावर शिकवलेल्या माणसाला हे समजायला निकालपत्र लागत नाही. बारा वर्षांच्या मुलाला "नको असेल तर बाहेर बस" म्हणणं ही शिक्षाच.

मग पुढचा मुद्दा येतो: "धर्म बाजूला ठेवा, नुसतं ध्यान शिकवा." सत्तरच्या दशकात न्यू जर्सीतल्या काही सरकारी शाळांत भावातीत ध्यानाचा, म्हणजे महर्षी महेश योगींच्या मंत्रध्यानाचा, ऐच्छिक विषय सुरू झाला. विषयाच्या नावात 'विज्ञान' होतं. मंत्र घेण्याआधी मात्र विद्यार्थ्याने फळं, फुलं आणि पांढरा रुमाल घेऊन यायचं, गुरूंच्या तसबिरीसमोर शिक्षक संस्कृतात पूजा म्हणणार. आपल्यापैकी कुणीही हे बघून क्षणात सांगितलं असतं की ही गुरुपूजा आहे. तिथे ते ठरायला खटला लागला आणि १९७९मध्ये अपिलातही तो विषय शाळेबाहेरच राहिला.

पूजाबिजा वगळून नुसतं सजगतेचं (माइंडफुलनेसचं) शिक्षण दिलं तर, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे शांतपणे लक्ष द्यायला शिकवलं तर? ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर तोही प्रयोग झाला. २०२२मध्ये निष्कर्ष आले: शाळेत नेहमी जे चालतं त्यापेक्षा मुलांच्या मानसिक आरोग्याला जास्त फायदा दिसला नाही. बहुतेकांनी घरी सरावच केला नव्हता. मला नवल वाटलं नाही. माझ्या वर्गात गृहपाठाचं काय होतं ते मी रोज बघते.

आपल्या घटनेच्या कलम २८नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. पण २००२च्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांविषयी माहिती देणं वेगळं मानलं. मला एवढी मोकळीक पुरते.

पेशींचा धडा चालू होता. आजी नुकतीच गेलेली एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, पेशी मरतात म्हणून माणूस मरतो, की माणूस मेला म्हणून पेशी मरतात?" हृदय थांबल्यावरही काही पेशी थोडा वेळ जिवंत असतात, हे मी सांगितलं. तिचा पुढचा प्रश्न तयार होता: "मग तेवढा वेळ आजी असते का?" विज्ञान कुठवर सांगतं ते मी सांगितलं. पुढे कुणी आत्मा मानतो, कुणी काहीच उरत नाही म्हणतो, हेही सांगितलं. "तुम्ही काय मानता?" यावर "आधी तुम्ही बोला" म्हटलं, आणि वर्ग जो बोलत सुटला तो घंटेपर्यंत. एरवी तोंड न उघडणारी दोन पोरंही भांडत होती. माझं मत विचारायचं सगळेच विसरले, ते बरं झालं.

पेशीविभाजन त्या दिवशी राहिलं. ते भरून काढायला मला खेळाचा तास मागून घ्यावा लागला आणि मुलं रास्तच चिडली. म्हणून सांगते, शाळेकडे मागायचंच असेल तर नवा तास मागू नका, अभ्यासक्रमातले चार धडे कमी करून मागा.