आर-२२ च्या एसीत स्वयंपाकाचा गॅस

सांगलीतल्या एका मेडिकलच्या दुकानातून तक्रार आली. दीड टनाचा जुना स्प्लिट एसी, गॅस नुकताच भरून घेतलेला, तरी दुकान गार होत नाही. क्लॅम्प मीटरवर कॉम्प्रेसर ५.१ अँपिअर घेत होता आणि प्लेटवर ८ लिहिलेले. म्हणजे कॉम्प्रेसर फिरतोय, पण त्याच्यावर भारच नाही.

मशीन बंद करून दाब स्थिरावू दिला. गच्चीवर सावलीत ३० अंश. यंत्रात थोडा जरी द्रव गॅस असेल, तर या तापमानाला आर-२२ चा, म्हणजे या जुन्या एसीच्या मूळ गॅसचा, दाब १५८ पीएसआयच्या आसपास यायला हवा. प्रोपेन, म्हणजे आर-२९०, असेल तर १४२. काटा ८२ वर. गॅस अगदीच कमी राहिला असला तरी दाब असा दिसू शकतो, म्हणून एवढ्यावर निकाल देता येत नाही. होज काढताना मात्र ओळखीचा वास आला. आर-२२ ला तो नसतो, एसीसाठी बनवलेल्या शुद्ध प्रोपेनलाही नसतो. घरगुती सिलिंडरमध्ये गळती कळावी म्हणून मर्कॅप्टन घालतात, त्याचा हा वास. कुणीतरी एसीत चक्क एलपीजी भरला होता.

मालक म्हणाले, "अहो, पण तो मिस्त्री म्हणाला, हा पर्यावरणाला चांगला गॅस आहे, बिलही कमी येतं."

अर्धसत्य असं पसरतं. प्रोपेन-ब्यूटेनसारखे हायड्रोकार्बन पर्यावरणाला चांगले हे खरंच आहे. कार्बन डायऑक्साइडची तापमानवाढीची क्षमता १ धरली तर आर-२२ ची १८१०, एसीतल्या इतर गॅसपैकी आर-४१०ए ची २०८८, आर-३२ ची ६७५ आणि प्रोपेनची जेमतेम ३. पण एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेनचं मिश्रण. ब्यूटेनचा दाब कमी, त्याची वाफ विरळ, त्यामुळे तोच कॉम्प्रेसर प्रत्येक फेऱ्यात कमी गॅस ओढतो आणि गारवाही तेवढा कमी देतो. अँपिअर उतरलेले दिसतात ते त्यामुळेच, त्यात बचत कसली? शिवाय मर्कॅप्टनमधलं गंधक तांब्याला काळं करतं, आणि सिलिंडरमधला ओलावा कॅपिलरीच्या, म्हणजे गॅसच्या केसासारख्या बारीक नळीच्या, तोंडाशी बर्फ धरतो.

गारव्याचं नंतर बघता आलं असतं. डिटेक्टर दुकानात जमिनीलगत फिरवला. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्यूटेन दुप्पट, त्यामुळे छातीच्या उंचीवर मीटर धरला तर काहीच कळत नाही. इनडोअरखाली, काउंटरच्या मागे, तो ओरडला. तिथेच औषधांचा फ्रिज, त्याचा ठिणगी पाडणारा रिले जमिनीपासून वीतभर उंचीवर, आणि शेजारी देव्हाऱ्यात निरांजन. सकाळची पूजा होऊन गेली होती, एवढंच. प्रोपेन हवेत २.१ टक्के झाला की पेट घेऊ शकतो, ब्यूटेनला त्याहून कमी पुरतं. आतल्या एकाही बटणाला हात न लावता बाहेरच्या मीटरपेटीतून मेन काढला, शटर आणि मागचं दार उघडं केलं. इन्सुलिन शेजारच्या डेअरीच्या फ्रिजमध्ये गेलं.

आता गॅस काढायचा. आत थोडा आर-२२ उरला असण्याची शक्यता होती, म्हणून सरळ हवेत सोडायचा नव्हता. गॅस ओढून घेणारं साधं रिकव्हरी मशीनही लावायचं नाही, त्याचा स्विच ठिणगी टाकतो. व्हॅक्यूम केलेला सिलिंडर गच्चीवर बर्फाच्या घमेल्यात ठेवला आणि जोडला. गॅस आपोआप थंड बाजूला सरकतो. दाब २० पीएसआयवर येऊन अडला. वजनकाट्यावर ४१० ग्रॅम भरले, म्हणजे आत द्रव होता आणि ८२ हा खरा दाब होता. उरलेलं लांब नळीने मोकळ्या हवेत, मागून नायट्रोजन देत, सावकाश सोडलं.

इथेच घात होतो. गेज शून्यावर आला की मिस्त्री टॉर्च पेटवतो. हायड्रोकार्बन कॉम्प्रेसरच्या मिनरल तेलात भरपूर विरघळतात. आम्ही व्हॉल्व्ह बंद करून थांबलो, तर काटा पुन्हा १२ वर चढला. पुन्हा नायट्रोजन, पुन्हा थांबणं, काटा हलायचा बंद होईपर्यंत. पाइप कटरनेच कापले, ज्योत लावलीच नाही. कॉम्प्रेसर उलटा करून तेल बादलीत काढलं, तर ते बराच वेळ सोड्यासारखं फसफसत होतं.

गळती इनडोअरच्या फ्लेअर नटला, म्हणजे पाइपचं पसरवलेलं तोंड (फ्लेअर) आवळून धरणाऱ्या नटला, होती. नट जास्त आवळून फ्लेअर चिरलेला.

दुरुस्त करून पुन्हा आर-२२ भरता आला असता, पण तेलाचा रंग बघून मी नको म्हटलं. २०३० पर्यंत तो गॅस आपल्याकडे बंद व्हायचा आहे. एचएफसी प्रकारचे गॅस कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली, त्यामुळे आर-३२ सारख्या एचएफसींवरही २०२८ पासून मर्यादा येते. आर-२९० साठीच बनवलेला नवा एसी घ्या, असं सुचवलं. त्यात रिले बंदिस्त असतात, पाइप बारीक असतात आणि गॅस मोजून भरलेला असतो. किती किलो गॅस चालेल याचा आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेचा मूळ हिशोब असा: २.५ गुणिले ०.०३८ (घनमीटर हवेत इतके किलो प्रोपेन झाला की तो पेटू शकतो) चा १.२५ वा घात, गुणिले यंत्राची मीटरमधली उंची, गुणिले खोलीच्या क्षेत्रफळाचं वर्गमूळ. भिंतीवरच्या यंत्राला उंची १.८ धरतात. दुकान १० बाय १२ फूट, म्हणजे सव्वाअकरा चौरस मीटरच्या आत. उत्तर येतं साधारण २५० ग्रॅम. जमिनीवर ठेवायच्या यंत्राला ०.६ धरतात, म्हणजे त्याच्या तिसरा हिस्सा. प्रोपेनसाठी कधी न बनवलेल्या या मशीनमध्ये चारशेच्या वर होता, तोही दाब बघून अंदाजाने भरलेला.

नव्या जोडणीला फ्लेअर नट टॉर्क पानानेच आवळायचे: पाव इंचाला १४ ते १८ न्यूटन-मीटर, अर्ध्या इंचाला ४९ ते ६१. मग नायट्रोजनवर दाब धरून साबणाचं पाणी, त्यानंतर व्हॅक्यूम. पंपाचा प्लग बाहेर लांब लावायचा आणि त्याच्या तोंडाची नळीही बाहेर सोडायची.

जुनं मशीन मालक लगेच भंगारवाल्याला देणार होते. तो आउटडोअर गॅस कटरने कापतो. म्हणून त्यात नायट्रोजन भरून टोकं दाबून बंद केली आणि कॉम्प्रेसरवर लाल रंगात लिहिलं: "एलपीजी होता. तेल काढलं आहे. तरी कटर लावू नका."